जुनोच्या गळ्याचा सांधा : सहा टनांचा रोमन पुतळा बागेतून दालनात आणताना

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात 'म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स' हे संग्रहालय आहे. त्याच्या रोमन दालनात पायघोळ वस्त्रे नेसलेल्या स्त्रीचा एक अवाढव्य संगमरवरी पुतळा उभा आहे. उंची सुमारे १३ फूट, म्हणजे चार मीटरला थोडी कमी. वजन सुमारे १३,००० पौंड, म्हणजे ५,९०० किलोच्या आसपास. अमेरिकेतल्या संग्रहालयांमध्ये एवढा मोठा ग्रीक-रोमन पुतळा दुसरा नाही. त्याला रोमन देवराणीच्या नावाने 'जुनो' म्हणतात. रोममधल्या पलाझ्झो आल्टेम्प्समध्ये 'जुनो लुडोविसी' नावाचे एक प्रचंड मस्तक आहे आणि जर्मन कवी गटेने त्याच्या साच्याची प्रत आपल्या मुक्कामी आणून ठेवली होती. ते शिल्प वेगळे. दोन्ही एकाच घराण्याच्या संग्रहातली असल्याने घोटाळा नेहमी होतो.

बोस्टनच्या जुनोची पहिली लेखी नोंद १६३३ सालची आहे. रोममधल्या कार्डिनल लुडोविसी यांच्या बागबंगल्यातल्या शिल्पांच्या यादीत ती सापडते. याच संग्रहासाठी बेर्निनी आणि अल्गार्दी या शिल्पकारांनी जुन्या मोडक्या मूर्ती दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे तिथून बाहेर पडलेल्या कोणत्याही शिल्पावर सतराव्या शतकातल्या कारागिरांचा हात फिरला असणार हे गृहीतच धरावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागबंगल्याची जमीन विकली गेली आणि संग्रह फुटला. १९०१ मध्ये इटलीच्या सरकारने त्यातली १०४ शिल्पे विकत घेतली, पण जुनो त्याआधीच हातची गेली होती. बोस्टनच्या एका धनिक दांपत्याने १८९७ मध्ये ती खरेदी करून जहाजाने अमेरिकेत आणली. पुढे ब्रुकलाइन इथल्या त्यांच्या बागेत ती शंभराहून जास्त वर्षे उघड्यावर उभी होती. २०११ मध्ये तिची मालकी संग्रहालयाकडे आली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. रोमन पुतळा म्हटले की हल्ली पहिला प्रश्न मालकीच्या कागदांचा येतो: कुठून आला, कोणी उकरला, देशाबाहेर कधी गेला. १६३३ पासूनची साखळी हाती असल्याने ती डोकेदुखी या प्रकरणात नव्हती. सगळी डोकेदुखी दगडाची होती. (संग्रहालयातल्या व्यक्तींची नावे इथे दिलेली नाहीत.)

अडचण

संगमरवराला बाहेरून जेवढा त्रास होतो तेवढाच आतूनही होतो. त्यातले कॅल्साइटचे स्फटिक तापले की एका दिशेने फुगतात आणि काटकोनातल्या दिशेने किंचित आकसतात. शेजारशेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असल्याने रोजच्या ऊन-गारव्यात त्यांच्यातले बंध सैल होत जातात. मग पाणी आत शिरते. बोस्टनच्या हिवाळ्यात ते गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. अशा दगडावरून बोट फिरवले की कण हाताला लागतात. यालाच दगड 'साखरी' होणे म्हणतात. नाक, बोटे आणि चुण्यांच्या कडा यांना तिन्ही बाजूंनी हवा लागते, म्हणून पहिला मार तिथे बसतो. जुनोचे नाक आणि वरचा ओठ गेलेले होते.

शहरी हवेतल्या गंधकामुळे दुसरा प्रकार घडतो. पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागावरचा थर दर वर्षी थोडाथोडा विरघळून जातो, तर पाऊस न पोचणाऱ्या खोल चुण्यांमध्ये जिप्समचे, म्हणजे गंधक आणि दगडातला चुना मिळून बनलेल्या क्षाराचे, काळे पोपडे धरतात. म्हणजे पांढरा दिसणारा भाग झिजलेला असतो आणि काळ्या पोपड्याखाली कोरीवकाम बरेचदा शाबूत निघते. नवख्या माणसाची चूक इथेच होते. काळे दिसले की तो ब्रश घेऊन खरवडायला लागतो, आणि छिन्नीच्या ज्या मूळ खुणा शंभर वर्षे टिकल्या त्या एका दुपारी जातात.

हे सगळे गंभीर असले तरी सावकाश चालणारे. खरा धोका गळ्यात होता. डोके आणि धड हे दोन वेगळे दगड आहेत आणि हे डोके मुळात या धडाचे नव्हे. रोमन कारागीर डोके वेगळे घडवून धडात बसवत. मानेखालचा भाग ते वाडग्यासारख्या खोबणीत बसेल असा गोलसर ठेवत. सतराव्या शतकातल्या रोममधला दुरुस्तीवाला मात्र परके डोके परक्या धडावर बसवताना दोन्हीकडची मोडकी कड तासून सपाट करी, दोन्ही बाजूंना भोक पाडी, लोखंडी खुंटी घालून शिसे ओती आणि उरलेली फट राळ, मेण आणि संगमरवराची भुकटी यांच्या गरम मिश्रणाने भरी. बंद दालनात हा सांधा तीनशे वर्षे टिकतो. उघड्यावर मिश्रण भेगाळते आणि पाणी खुंटीपर्यंत पोचते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त, काही प्रकारांत सहापटीपर्यंत जागा लागते. कोंडलेला गंज बाहेरची वाट काढतो ती दगड फोडूनच.

त्या डोक्याचे वजन साधारण काढता येते. चार मीटरच्या आकृतीचे डोके अर्धा मीटर उंच असते. केशरचनेसह घनफळ ०.०७ घनमीटर धरले आणि संगमरवराचे वजन घनमीटरला २.७ टन घेतले तर ते १९० किलोच्या घरात जाते. पुतळा सरळ उभा असतो तोवर हे ओझे सांध्यावर सरळ खाली येते आणि सांधा ढिला असला तरी निभते. तोच पुतळा कलला किंवा आडवा केला, की सगळे डोके एका खुंटीवर लोंबकळते. म्हणजे जुनोला जागेवरून हलवण्याचा प्रश्न सुरुवातीपासून गळ्याच्या सांध्याशी बांधलेला होता.

कोणते पर्याय होते

पहिला निर्णय जागेचा. बागेतच ठेवून दर हिवाळ्यात झाकणे हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. मात्र प्लॅस्टिक गुंडाळले की आत दमट हवा कोंडते, म्हणून लाकडी सांगाडा, वर जलरोधक कापड आणि खाली-वर हवेला वाट अशी खोपटी उभारावी लागते. तेवढे केले तरी गंधक आणि उन्हाळ्यातला ताप चुकत नाही. बागेत प्रतिकृती उभारून मूळ पुतळा आत नेणे हा युरोपात रुळलेला तोडगा आहे. तिसरा पर्याय थेट दालनात नेण्याचा, आणि संग्रहालयाने तोच घेतला.

मुंबईकरांना हा पेच ओळखीचा वाटेल. राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ब्रिटिश काळातले पुतळे उघड्यावर उभे आहेत. १९६०च्या दशकात ते शहरातल्या चौकांमधून उचलून तिथे आणले गेले. मुंबईत पाणी गोठत नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा गोठण्याची कसर भरून काढतात.

दुसरा निर्णय डोक्याचा, आणि प्रकरणातला सगळ्यांत कठीण तोच. डोके जागेवर ठेवायचे तर खांद्यांपासून वर पोलादी पिंजरा उभा करून त्याला डोके बांधावे लागते. पण पिंजऱ्याचे पट्टे जिथे टेकतात तिथला दगड साखरी असेल तर बांधणीच इजा करते. शिवाय आत खुंटी किती उरली आहे हे बाहेरून दिसत नाही. ते पाहायला दोन साधने आहेत. एक ध्वनिलहरींचे: घट्ट ताज्या संगमरवरातून लहरी सेकंदाला पाच किलोमीटरहून जास्त वेगाने जातात. साखरी दगडात वेग दोन-तीन किलोमीटरवर येतो आणि दीडच्या खाली गेला की तो दगड भार घेण्याच्या लायकीचा राहत नाही. दुसरे साधन किरणांचे. फूटभर जाडीच्या मानेला दवाखान्यातला क्ष-किरण पुरत नाही, इरिडियम-१९२ किंवा कोबाल्ट-६० सारखा गॅमा स्रोत लागतो. त्यासाठी परिसर मोकळा करणे, परवाना, आणि दर चित्रामागे बराच वेळ हे सगळे ओघाने आलेच.

डोके उतरवणे हा दुसरा मार्ग. त्यात सांधा उघडताना कड फुटण्याची जोखीम आहे. पण ती जोखीम माणसांच्या देखरेखीखाली, जमिनीजवळ, सावकाश घेता येते. क्रेनच्या हुकाला लटकलेल्या पुतळ्याचे डोके निसटले तर हातात काहीच उरत नाही. तिथे डोके उतरवण्याचाच निर्णय झाला, आणि तो योग्य होता असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक पर्याय कागदावर तरी असतोच: डोके या धडाचे नाही म्हणून ते परत बसवायचेच नाही. विसाव्या शतकात अनेक संग्रहालयांनी जुन्या दुरुस्त्या अशाच सोलून काढल्या आणि पुढे पस्तावली. जुनोची नोंद निदान १६३३ पासून आहे. ते डोके काढले तर रोमन इतिहासाचा एक अडथळा दूर होतो, पण संग्रहाच्या चारशे वर्षांच्या इतिहासाचा पुरावा पुसला जातो.

काय केले

सांधा उघडण्याची रीत सांगण्याजोगी आहे, कारण बहुतेक अपघात क्रम चुकल्याने होतात. आधी पुतळ्याभोवती मचाण. डोक्याला रुंद मऊ पट्टे जबडा आणि डोक्याचा मागचा भाग यांच्याखालून. मुकुट, कान, केसांच्या बटा यांवर भार येऊ द्यायचा नाही. वर चेन-पुली, आणि तिच्या व पट्ट्यांच्या मध्ये वजन दाखवणारा काटा. डोक्याच्या अंदाजी वजनाइतका ताण काट्यावर आला की थांबायचे. मगच सांध्यातले भरण काढायला घ्यायचे. राळ-मेणाचे मिश्रण ७०-८० अंशांना मऊ पडते, त्यामुळे ते हलक्या उष्णतेने निघते. शिसे वितळवायच्या भानगडीत पडायचे नाही: त्याला ३२७ अंश लागतात आणि तेवढ्या तापाने भोवतालचा संगमरवर भेगाळतो. फट मोकळी झाली की पातळ पात्याने खुंटी आडवी कापायची. ताण कमी असेल तर पाते अडकते. जास्त असेल तर खुंटी तुटताच डोके वर उसळी घेते आणि परत खाली आपटते. म्हणून कापण्याच्या वेळी एक माणूस फक्त काट्यावर नजर ठेवायला असतो, त्याला दुसरे काम द्यायचे नाही.

डोके उतरल्यावर मार्गाचा हिशेब सुटसुटीत झाला, तरी सोपा नव्हता. उभ्या पुतळ्याखाली लाकडी-पोलादी तळ आणि सरकगाडा धरला तर दरवाजाची उंची त्या मानाने लागते, तीही सगळ्या वाटेवर. आडवा नेला तर लांबी वळणावर अडते आणि आडवा करताना-उभा करताना दोन वेळा धोका. शेवटी छतातल्या काचेच्या झरोक्यातून क्रेनने सोडायचे ठरले. मार्च २०१२ मध्ये बिनडोक्याची जुनो इमारतीवरून उचलली जाऊन दालनात उतरली. डोके वेगळे आले.

क्रेनच्या बाबतीत एक गैरसमज नेहमीचा आहे. सहा टनांचा पुतळा, मग दहा टनी क्रेन पुरे, असा हिशेब लोक करतात. क्रेनची ताकद हात आखडलेला असतानाची सांगितलेली असते. हात इमारतीच्या छपरापलीकडे जसजसा लांबतो तशी ती झपाट्याने उतरते. शंभर टनी यंत्राला दूरच्या टोकाला काही टनच झेपतात. वाऱ्याचे गणित वेगळे. रुंद वस्त्राचा पुतळा आणि त्याभोवतीचा सांगाडा शिडासारखा वारा धरतो, म्हणून सेकंदाला ९-१० मीटरच्या वर वारा गेला की उचल थांबवतात. मालवाहू पट्टे चुण्यांच्या कडांवर बसू नयेत यासाठी पुतळा पोलादी चौकटीत धरून भार तळातून घेणे उत्तम.

मग जमीन. गर्दीच्या दालनाची फरशी चौरस मीटरला साधारण ४९० किलो भारासाठी आखलेली असते. पुतळ्याचा तळ सव्वा चौरस मीटरचा धरला तर त्याच्याखाली चौरस मीटरला ४,७०० किलो येतात, म्हणजे जवळजवळ दहापट. भार पसरवणारा पाट टाकून हे भागत नाही. जुनोच्या जागेखाली पोलादी आधार देऊन फरशी बळकट करावी लागली. हे काम पुतळा येण्याच्या कितीतरी आधी पूर्ण असावे लागते, म्हणजे पुतळा दालनात नेमका कुठे उभा राहणार हे मांडणीकाराने आधीच सांगितलेले हवे. नंतर 'जरा डावीकडे घेऊ या' म्हणता येत नाही.

सफाई आणि दुरुस्ती दालनातच, प्रेक्षकांच्या नजरेसमोर झाली. अशा पृष्ठभागाला लागणारा क्रम ठरलेला: आधी शेवाळ आणि दगडफूल मारणारे जीवनाशक, ते कोरडे पडून सुटेपर्यंत वाट पाहणे, मग पाणी आणि नायलॉनचे मऊ ब्रश. काळ्या पोपड्यांना कागदाच्या लगद्यात अमोनियम कार्बोनेटचा सौम्य लेप, आधी तळहाताएवढ्या जागी, कमी दिसणाऱ्या बाजूला. लेप सुकू दिला तर सुटलेले क्षार पुन्हा दगडातच जातात, म्हणून तो ओला असतानाच उचलतात. लेसरने काम नेमके होते, पण १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने पोपडा काढल्यावर दगड कधीकधी पिवळसर दिसतो आणि आजूबाजूच्या लेपाने साफ केलेल्या भागाशी रंग जुळत नाही. अर्धे एकाने आणि अर्धे दुसऱ्याने केले की पुतळा ठिगळांचा दिसतो. साखरी भागाला या सगळ्याच्या आधी बळकटी द्यायची, नाहीतर ब्रशबरोबर दगडच उतरतो.

नाक आणि वरचा ओठ नव्याने बसवले गेले. यावर मतभेद होऊ शकतो. मोडके ते मोडकेच दाखवावे असे मानणारे बरेच आहेत, आणि धडाच्या बाबतीत ते खरेही आहे. चेहऱ्याचे तसे नाही. नाक नसलेल्या चेहऱ्यात बघणाऱ्याचे लक्ष फक्त खड्ड्याकडे जाते आणि पुतळ्याचा बाकी अर्थ हरवतो. अट एवढीच की भर काढता येण्याजोगी असावी: मूळ दगडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पुन्हा विरघळवता येणाऱ्या कृत्रिम राळेचा पातळ थर, त्यावर हलक्या भरणाचा तुकडा, आणि जोड कुठे आहे ते जवळून पाहणाऱ्याला दिसले पाहिजे.

डोके परत बसवताना लोखंडाला स्थान नाही. गंज न धरणाऱ्या पोलादाची किंवा टायटेनियमची खुंटी, ती थेट दगडात न चिकटवता नळीत सरकणारी, म्हणजे पुढच्या पिढीला डोके उचलायचे झाले तर करवत लागू नये. खुंटी डोके सरकू नये एवढ्यापुरती. वजन दगडाने दगडावर घ्यायचे.

निष्पत्ती

जुनो आज दालनात डोक्यासह उभी आहे. पुतळा एकदा आत आला की गोठणे, पाऊस, गंधक हे तिन्ही शत्रू संपतात आणि आर्द्रता स्थिर असेल तर आत उरलेल्या जुन्या लोखंडाचा गंजही थबकतो.

ओळखीचा प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला. पुतळ्याला जुनो म्हणायचे कारण बहुतांशी डोक्यावरचा मुकुट. डोके जर या धडाचे नाही, तर धड कोणाचे? वस्त्रांची मांडणी अनेक देवतांना, म्यूझना (कलांच्या अधिष्ठात्या देवींना), राजघराण्यातल्या स्त्रियांनाही चालते. दगडांचा उगम शोधण्यासाठी १९७२ पासून कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) प्रमाण मोजतात आणि त्याला काही मिलिग्रॅम भुकटी पुरते. या चाचणीचा एक एकतर्फीपणा लक्षात ठेवावा. दोन तुकडे वेगळ्या खाणींतले आहेत हे ती ठासून सांगू शकते. दोन्ही एकाच खाणीतले निघाले म्हणून ते एकाच पुतळ्याचे, असे ती सांगत नाही. इटलीतल्या कॅरारासारख्या खाणीतून शतकानुशतके दगड निघत होता.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यांत मोठा मुद्दा वेळेचा. गळ्याचा सांधा वीस-तीस वर्षे आधी तपासला असता तर बागेतच निव्वळ खुंटी बदलून पुढचे नुकसान आटोक्यात ठेवता आले असते. उघड्यावरच्या संगमरवराची दर काही वर्षांनी ध्वनिलहरींनी तपासणी करायला एक दिवस आणि दोन माणसे लागतात. मालक खाजगी असला की तो दिवस कोणी काढत नाही.

दुसरे, त्रिमितीय मोजणी सांधा उघडण्याच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा हवी. मागचा कारागीर डोके कोणत्या कोनात बसवून गेला होता हे डोके उतरल्यावर सांध्यावरून कळत नाही. पुन्हा बसवताना दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी नजर दुसरीकडे वळते, आणि चार मीटर उंचीवर तो फरक खालून स्पष्ट दिसतो.

तिसरे, काढलेली खुंटी, शिसे आणि राळेचे तुकडे फेकायचे नाहीत. राळ-मेणाचे रासायनिक पृथक्करण करून दुरुस्ती सतराव्या शतकातली की जहाजावर चढवण्यापूर्वीची घाईची, हे ठरवायला मदत होते. कचऱ्याची पिशवी आणि नमुन्याची पिशवी मचाणावर शेजारी टांगू नये, इतकी साधी खबरदारी इथे पुरते.

चौथे पाटीबद्दल. 'जुनो' हे नाव ठेवायला हरकत नाही, कारण तेच रूढ झाले आहे. पण डोके आणि धड यांच्यासाठी पाटीवर दोन वेगळ्या ओळी असाव्यात, प्रत्येकीत त्या दगडाचा अंदाजी काळ, आणि नाक-ओठ नवे आहेत ही तिसरी.